मोल्सवर्थ : एका कुंपणाचे आडनाव

एखाद्या जुन्या मराठी शब्दाच्या अर्थावरून दोन जाणकारांत मतभेद झाला, की त्यांपैकी एक जण बहुधा म्हणतो, "थांबा, मोल्सवर्थमध्ये काय दिले आहे ते पाहू." १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७ साली सुधारून वाढवलेल्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचे आडनाव आपल्याकडे असे ग्रंथाचेच नाव होऊन बसले आहे. हजारो मराठी शब्दांचे मूळ आपण ज्या कोशात शोधतो, त्या कोशाच्या पाठीवर छापलेल्या आडनावाचे मूळ मात्र आपण सहसा शोधत नाही. ते शोधण्याजोगे आहे, कारण इंग्लंडमधील आडनावे कशी तयार झाली, ती कशी टिकली आणि त्यांतील काही इतकी विरळ का राहिली, हे सारे या एका आडनावाच्या आधारे नीट समजून घेता येते.

मोल्सवर्थ हे मुळात एका खेड्याचे नाव आहे. पूर्व इंग्लंडमध्ये हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला हे लहानसे गाव आजही वसलेले आहे. ते पूर्वी हंटिंग्डनशायर या स्वतंत्र परगण्यात होते आणि १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये मोडते. गावात सेंट पीटरचे दगडी चर्च असून त्याच्या भिंतींवर सेंट क्रिस्टोफर आणि सेंट अँथनी यांची मध्ययुगीन चित्रे अजून पाहायला मिळतात. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी, १०८६ साली, आपल्या नव्या राज्यातील जमिनींची गावोगाव मोजदाद करवून घेतली. 'डूम्सडे बुक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या महसुली दप्तरात या गावाची नोंद 'मोल्सवर्दे' अशी आहे. म्हणजे हे नाव किमान सव्वानऊशे वर्षे जुने आहे, आणि दप्तरात चढले तेव्हाही ते नवे नव्हते.

आजच्या इंग्रजीच्या आधाराने या नावाची फोड करू गेल्यास मोठी दिशाभूल होते. 'मोल' म्हणजे जमीन पोखरणारा लहान प्राणी आणि 'वर्थ' म्हणजे किंमत, असे दोन ओळखीचे शब्द कानावर पडतात आणि त्यांवरून एखादी कथा रचण्याचा मोह होतो. परंतु त्या प्राण्यासाठी 'मोल' हा शब्द इंग्रजी लिखाणात चौदाव्या शतकाच्या आसपास दिसू लागतो, आणि गावाचे नाव त्याआधी निदान तीनशे वर्षे अस्तित्वात होते. किंमत या अर्थाचा 'वर्थ'ही वेगळाच शब्द असून तो केवळ उच्चाराने जवळ आला आहे. स्थलनामांच्या अभ्यासाचा पहिला नियम येथे लक्षात घ्यावा लागतो : नावाचा अर्थ त्याच्या आजच्या रूपावरून लावायचा नसतो, तर सर्वांत जुन्या लेखी रूपावरून आणि त्या काळच्या भाषेवरून लावायचा असतो. आपल्याकडेही गावांच्या नावांच्या व्युत्पत्ती सांगताना नेमकी हीच चूक वारंवार होते, आणि एकदा रूढ झालेली गोड कथा मग पुसता येत नाही.

जुन्या इंग्रजीप्रमाणे पाहिले तर या नावाचे तीन तुकडे पडतात. पहिला तुकडा 'मूल' हे माणसाचे नाव. मराठीतील मूल या शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही; जुन्या इंग्रजीत 'मूल' म्हणजे खेचर, आणि तो शब्द लॅटिनमधून आलेला होता. दुसरा तुकडा 'एस' हा षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे आपला 'चा-ची-चे'. आजच्या इंग्रजीत नावापुढे वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखी खूण देऊन जो 'स' लावतात, तो याच प्रत्ययाचा वंशज आहे. तिसरा तुकडा 'वर्थ', म्हणजे कुंपण घातलेली जागा आणि तिच्यातील घरदार. तिन्ही एकत्र केले की अर्थ होतो 'मूल नावाच्या माणसाची कुंपणाची जागा'.

माणसाला खेचर हे नाव का ठेवले जात असेल, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. इसवी सन ६८७ मध्ये केंट प्रांतातील लोकांनी ज्याला जाळून मारले, त्या राजाचेही नाव मूल असेच होते. तो वेसेक्सचा राजा कॅडवाला याचा भाऊ. कॅडवाला हे नाव सॅक्सन नसून, सॅक्सन लोक येण्यापूर्वीपासून तेथे राहणाऱ्या ब्रिटन लोकांच्या भाषेतील आहे. त्यावरून काही इतिहासकारांनी असा तर्क केला आहे की, या भावांची आई ब्रिटन वंशाची आणि वडील सॅक्सन असावेत आणि अशा मिश्र संततीला दोन जातींच्या संकरातून जन्मणाऱ्या खेचराचे नाव पडले असावे. आपल्या गावाचा मूल हा राजा नव्हे. तो त्याच नावाचा एखादा शेतकरी किंवा लहान जमीनदार असणार. त्याने जमिनीच्या तुकड्याभोवती कूड घातला, आत घर बांधले, जनावरे बांधली, आणि शेजारीपाजारी त्या जागेला त्याच्या नावाने ओळखू लागले. त्याच्याविषयी एवढेच उरले आहे, पण ते हजार वर्षांहून अधिक काळ उरले आहे, हे मला विलक्षण वाटते.

'वर्थ'ने संपणारी गावे इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत आणि त्यांतील बऱ्याच नावांत असाच एखादा माणूस दडलेला आहे. लंडनच्या वॉन्ड्सवर्थमध्ये वेन्डेल आहे, रिकमन्सवर्थमध्ये रिकमेर आहे आणि किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या केनिलवर्थमध्ये किनेहिल्ड नावाची स्त्री आहे. स्वतःच्या नावाची कुंपणाची जागा त्या काळात स्त्रीचीही असू शके, हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात न पाहता केवळ गावाच्या नावावरून कळते.

या 'वर्थ'साठी मराठीत नेमका कोणता शब्द योजावा याचा विचार करत असताना मी मोल्सवर्थ यांच्याच कोशात 'वाडी' हा शब्द काढून पाहिला. त्यांनी त्याचा पहिला अर्थ दिला आहे तो कुंपण घातलेल्या कुरणाचा किंवा बागायती जमिनीचा तुकडा असा. दुसरा अर्थ दिला आहे तो शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, लहानशी वस्ती असा, आणि कोकणातील गावे अशा वेगवेगळ्या पुंजक्यांची मिळून बनलेली असल्यामुळे विखुरलेल्या गावाच्या एका भागालाही वाडी म्हणतात, हे सांगायला ते विसरलेले नाहीत. आधी कुंपण, मग कुंपणातील घर, मग घरांची वस्ती आणि शेवटी गाव, ही अर्थाची वाट 'वर्थ'ने इंग्लंडमध्ये जशी चालली तशीच 'वाडी'ने महाराष्ट्रात चालली. कोशकारांच्या मनात ती नोंद लिहिताना स्वतःच्या नावाचा विचार आला होता की नाही हे सांगता येणार नाही, पण आपल्या आडनावाच्या उत्तरार्धाचे मराठी भाषांतर त्यांनी त्या पानावर अचूक करून ठेवले आहे. मोल्सवर्थ म्हणजे मूलाची वाडी, आणि त्या आडनावाचा माणूस म्हणजे मूलवाडीकर.

गावाच्या नावाचे आडनाव कसे झाले, हे मराठी वाचकाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण आपला 'कर' हेच काम करतो. सासवडमध्ये राहणाऱ्या माणसाला सासवडमधील लोक सासवडकर म्हणत नाहीत. तेथे सगळेच सासवडचे असतात. तो माणूस पुण्याला किंवा साताऱ्याला जाऊन राहिला की तेथील लोकांना त्याची ओळख पटवण्यासाठी गावाचे नाव उपयोगी पडते. इंग्लंडमध्येही असेच घडले. अशा आडनावांतील बरीचशी गाव सोडून गेलेल्या माणसांना पडली. म्हणून स्थलनामावरून आलेले आडनाव हे बहुतेक वेळा एका स्थलांतराचा पुरावा असते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे : गावाची मालकी ज्याच्याकडे असे, तो जमीनदार गावात राहूनही त्याचे नाव लावीत असे.

नॉर्मन विजयापूर्वी इंग्लंडमधील सामान्य माणसाला एकच नाव असे. विजयानंतर फ्रेंचभाषक सरदारांनी आपल्या जमिनीचे नाव 'द' हा शब्दयोगी लावून स्वतःच्या नावापुढे जोडण्याची रीत आणली. 'वॉल्टर द मोल्सवर्थ' याचा अर्थ मोल्सवर्थचा वॉल्टर. मोल्सवर्थ घराण्याच्या वंशावळींमध्ये पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, याच नावाच्या सरदाराला मूळ पुरुष मानले जाते. अशा वंशावळी पुष्कळदा नंतरच्या काळात, घराण्याचा मान वाढल्यावर, रचलेल्या असतात, हे ध्यानात ठेवून त्या वाचाव्या लागतात. तरीही नावाची घडण त्यांतून स्पष्ट दिसते. पुढे हा 'द' गळून पडला आणि वडिलांचे स्थलनाम मुलगा दुसऱ्या गावी जन्मला तरी लावू लागला. ज्या दिवशी मोल्सवर्थ न पाहिलेल्या माणसाला मोल्सवर्थ म्हणू लागले, त्या दिवशी ते खऱ्या अर्थाने आडनाव झाले.

ही प्रक्रिया साधारण तेराव्या आणि चौदाव्या शतकांत पार पडली. लोकसंख्या वाढली होती, पाळण्यातली नावे मात्र मोजकीच होती, आणि एका गावात पाचसहा जॉन व तितकेच विल्यम असल्यावर कारकुनाला त्यांतला नेमका कोणता हे लिहून ठेवणे भाग पडे. १३७७, १३७९ आणि १३८१ या तीन वर्षी डोईपट्टी बसवण्यात आली, तेव्हा सामान्य माणसांचीही नावे याद्यांमध्ये चढली. सुमारे १४०० पर्यंत बहुतेक इंग्लिश कुटुंबांत वंशपरंपरागत आडनाव रुळले होते. त्यानंतर १५३८ पासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम निघाला, आणि नावांना कागदाचा कायमचा आधार मिळाला. व्यवसायावरून, वडिलांच्या नावावरून आणि रंगरूपावरून पडलेली आडनावेही याच काळात स्थिरावली; परंतु लोहार गावोगाव होते, म्हणून स्मिथ हे आडनाव हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले. मोल्सवर्थ हे गाव मात्र लहान होते आणि त्याच्या नावाचे आडनाव जन्मण्याची संधीही तेवढीच लहान होती.

आडनाव विरळ असण्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण निव्वळ योगायोगाचे आहे, आणि ते समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागते. शंभर पुरुष आहेत, प्रत्येकाचे आडनाव वेगळे आहे, आडनाव फक्त मुलाकडून पुढे जाते आणि प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो, असे समजा. सरासरी एक असली तरी कोणाला तीन मुलगे होतील, कोणाला दोन, कोणाला एकही नाही. मुलग्यांची संख्या केवळ योगायोगाने ठरते असे धरले, तर पहिल्याच पिढीत शंभरांपैकी सुमारे ३७ आडनावे संपतात. कोणतीही आपत्ती न येता, लोकसंख्या जराही न घटता ती संपतात. पुढच्या प्रत्येक पिढीत आणखी काही गळतात आणि उरलेली आडनावे अधिकाधिक माणसे लावू लागतात. इंग्लंडमधील जुनी सरदार घराणी का नामशेष होत आहेत, या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली हे कोडे जाहीरपणे मांडले आणि हेन्री विल्यम वॉटसन या धर्मगुरू गणितज्ञाने त्याची मांडणी करून दिली. आडनावांसाठी तयार झालेले ते गणित पुढे अणुकेंद्रातील साखळी प्रक्रिया आणि साथीचे रोग यांच्या अभ्यासातही उपयोगी पडले.

त्यात १३४८ पासून इंग्लंडमध्ये पसरलेल्या प्लेगने लोकसंख्येचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा नाहीसा केला. तो आला तेव्हा बरीच आडनावे जेमतेम एक-दोन पिढ्यांची होती. एखाद्या घरातील दोन पुरुष दगावले की ते आडनावच संपे. आज जी विरळ आडनावे दिसतात, ती या चाळणीतून निसटून राहिलेली आहेत.

विरळ आडनाव लावणारे सगळे एकाच पूर्वजाचे वंशज असतात काय, या प्रश्नाचे उत्तर आता रक्ताच्या नात्यातूनही तपासता येते. वडिलांकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आणि आडनाव एकाच वाटेने प्रवास करतात. लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी चाळीस ब्रिटिश आडनावांच्या सुमारे १,७०० पुरुषांची गुणसूत्रे तपासून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्मिथसारखे अतिशय सामान्य आडनाव लावणाऱ्या दोन पुरुषांचे नाते रस्त्यावरच्या कोणत्याही दोन पुरुषांइतकेच निघाले. आडनाव जितके विरळ, तितकी समान पूर्वज असण्याची शक्यता वाढत गेली. दत्तक घेणे, विवाहबाह्य संतती, वारशासाठी आडनाव बदलणे यांमुळे हा धागा कधी कधी तुटतो, पण विरळ आडनावांत तो आश्चर्य वाटावे इतका टिकून आहे.

मोल्सवर्थ घराण्याच्या दोन मोठ्या शाखा ज्ञात आहेत आणि वंशावळींनुसार दोन्ही नॉर्थहॅम्प्टनशायरमधील फॉदरिंगे येथून निघाल्या. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा १५८७ साली जेथे शिरच्छेद झाला तेच हे फॉदरिंगे, आणि ते मोल्सवर्थ गावापासून वीस किलोमीटरच्याही आत आहे. दोन-तीनशे वर्षांत हे आडनाव एवढेच अंतर चालले होते. मग मात्र ते एकदम लांब गेले. एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ कॉर्नवॉलमध्ये जमाखर्चाच्या सरकारी कामावर गेले आणि तेथील हेंडर घराण्याच्या वारस कन्येशी त्यांनी विवाह केला. हेंडर हे आडनाव त्या घरापुरते तेथेच थांबले, परंतु वंशजांनी ते पाळण्यातले नाव म्हणून वापरले, आणि म्हणून १६८९ साली बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळालेल्या पुरुषाचे नाव हेंडर मोल्सवर्थ असे दिसते. हे हेंडर जमैकाचे प्रभारी गव्हर्नर होते आणि आफ्रिकेतून गुलाम आणणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे तेथील प्रतिनिधीही होते. कॉर्नवॉलमधील पेनकॅरो येथील या घराण्याच्या वाड्याच्या इतिहासात हाही पैसा आहे, आणि तो वगळून या घराण्याची हकीकत सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढे सेंट ऑबिन घराण्याचा वारसा आला तेव्हा मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असे जोडआडनाव तयार झाले. वारस मुलगी असलेल्या घराचे नाव बुडू नये यासाठी इंग्लंडमध्ये हा उपाय सर्रास केला जाई.

दुसरी शाखा आयर्लंडमध्ये गेली. डब्लिनच्या व्यापाऱ्याचे पुत्र रॉबर्ट मोल्सवर्थ हे डेन्मार्कमध्ये इंग्लंडचे राजदूत होते. १६६० साली डेन्मार्कमध्ये राजाची सत्ता अनियंत्रित कशी झाली याचे त्यांनी केलेले विवेचन युरोपभर वाचले गेले. १७१६ साली त्यांना व्हायकाउंट हा सरदारकीचा किताब मिळाला. डब्लिनमधील मोल्सवर्थ स्ट्रीट आज आयर्लंडच्या संसदेसमोर, लीन्स्टर हाउसपाशी, संपतो. तिकडे न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनमध्ये, संसदेच्या आवाराला लागून असलेला रस्ताही मोल्सवर्थ स्ट्रीटच आहे. त्याचे नाव कॉर्नवॉल शाखेतील सर विल्यम मोल्सवर्थ यांच्यावरून पडले. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे ते अध्यक्ष होते आणि १८५५ साली, मृत्यूपूर्वी तीनच महिने, वसाहत खात्याचे मंत्री झाले होते. न्यूझीलंडमधील सर्वांत मोठे पशुपालन क्षेत्र, सुमारे १,८०,००० हेक्टरांचे, मोल्सवर्थ याच नावाने ओळखले जाते. एका माणसाने हाताने घातलेल्या कुंपणाचे नाव क्षितिजापर्यंत कुंपण न दिसणाऱ्या कुरणाला मिळाले आहे.

मूळ गाव मात्र लहानच राहिले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या शेजारच्या विमानतळावरून अमेरिकन बॉम्बफेकी विमाने जर्मनीकडे जात. १९८० च्या दशकात तेथे अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरले, तेव्हा शांततावाद्यांनी विमानतळाच्या जागेवर तळ ठोकला. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत सैनिक आणि पोलीस आले, तळ उठवला गेला आणि कित्येक मैल लांबीचे काटेरी तारांचे कुंपण उभे राहिले. त्या गावाच्या नावाचा अर्थ माहीत असलेल्याला ही बातमी वेगळ्याच रीतीने वाचावीशी वाटते.

आता पुन्हा महाराष्ट्राकडे वळू. जेम्स टॉमस मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात तरुणपणीच दाखल झाले, मराठी शिकले आणि जॉर्ज व टॉमस कँडी हे इंग्रज बंधू आणि मराठी पंडित यांच्या साहाय्याने त्यांनी कोश सिद्ध केला. आज शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर खुला ठेवला आहे, त्यामुळे 'वाडी'ची नोंद कोणालाही घरबसल्या पाहता येते. त्यांच्या काळातील मराठी माणसांनी मात्र त्यांचे आडनाव आपल्या जिभेप्रमाणे वळवून घेतले आणि आदराने त्यांना 'मोलेसर शास्त्री' म्हटले. हे रूप अशुद्ध म्हणून बाजूला सारण्यासारखे नाही. १०८६ च्या नॉर्मन कारकुनालाही 'वर्थ'मधील शेवटचा वर्ण म्हणता येत नव्हता, कारण त्याच्या भाषेत तो ध्वनी नव्हता. म्हणून त्याने त्याच्या जागी 'द' लिहिला आणि 'मोल्सवर्दे' हे रूप दप्तरात कायम झाले. मराठी माणसाने तो वर्ण सोडूनच दिला, आणि 'ल'ला चिकटलेला 'स' सुटा करण्यासाठी मध्ये एक 'ए' घातला. जुन्या इंग्रजीतही त्या ठिकाणी 'ए' होताच. इंग्रजांच्या उच्चारातून तो केव्हाच गळून गेला होता. 'मोलेसर' या चार अक्षरांत मूल आहे, त्याच्या पुढची षष्ठी आहे, आणि कुंपणाचा शेवटी एक 'र' राहिला आहे.